उजव्या बाजूचं माप

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओथेरपीच्या यशश्री मॅडम म्हणाल्या, हात रोज किती वर गेला ते एका वहीत लिहीत जा. म्हणून ही वही. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्यायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची खूण करायची. आजची खूण माझ्या कपाळाइतकी. लिहायचं होतं ते एवढंच, पण पान बरंच उरलंय.

नोव्हेंबरात माझा उजवा स्तन काढला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. घरात सगळे 'ऑपरेशन' म्हणतात, मीही तेच म्हणते. नंतर केमो चार वेळा झाली, ती या महिन्याच्या सुरुवातीला संपली. डॉक्टर म्हणतात, आता फक्त गोळ्या आणि तपासण्या. ३१ मार्चपर्यंत रजा आहे, एक एप्रिलला शाळा सुरू होईल. सातवी-आठवीचं गणित.

थंडी बरी होती. स्वेटर, त्यावर शाल, कोणाला काही कळत नव्हतं आणि मलाही बघावं लागत नव्हतं. आज दुपारी शालीत घाम फुटला. हे फॅक्टरीतून आले तर म्हणाले, "काहून एवढं गुंडाळून बसली? गरम नाही होऊन राहिलं?"

मी म्हटलं, "नाही."

१ मार्च, रविवार

दर वर्षी होळीच्या आधी मी उन्हाळी कपडे काढते. आज काढले. सुती साड्या ठीक आहेत, साडीला काय होतंय. ब्लाउज एकही चालत नाही. उजव्या दंडाला सूज असते, बाही कोपराच्या वरच अडकते. जो कसाबसा चढला तो पुढून रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता. बाथरूममध्ये कडी लावून सात ब्लाउज घालून पाहिले आणि सातही पुन्हा कपाटात कोंबले.

हे दारात येऊन विचारत होते, "मदत करू काय?"

"नको."

हे परत गेले. शशिकांत देशकर, वय एकोणसाठ, तोफांच्या फॅक्टरीत, तपासणी विभागात तीस वर्षं पुर्जे मोजणारे. मदत करू काय, हात कसा आहे, औषध घेतलं काय. नोव्हेंबरपासून आमचं बोलणं या तीन वाक्यांवर चाललंय. मी दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी यांनी आपली उशी उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर नेली. माणसाला किळस येऊ शकते. मलाच येते. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे कधी खोटं वागले नाहीत, मग आताच काहून वागावं.

५ मार्च, गुरुवार

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर डब्यांची फळी हातभर खाली आलेली. भिंतीत नवे खिळे, जुन्या भोकांत पांढरा चुना भरलेला. मला न विचारता. कपडे वाळत घालायची बाहेरची दोरीसुद्धा खाली आणलीय, आता उंच माणसाच्या गळ्यात येईल. मी काय अपंग झाले? दुपारभर चिडचिड झाली. हे आल्यावर मी फळीचा विषय काढला नाही, यांनीही काढला नाही.

खूण : कपाळ. तिथेच.

८ मार्च, रविवार

सदर बाजारात गेलो, यांच्या स्कूटरवर. शेजारच्या शकुताईंनी सांगितलं होतं, सदरमध्ये मोनालीचं छोटं दुकान आहे, ब्लाउज छान शिवते. हे रस्त्यापलीकडे लिंबाखाली स्कूटर लावून उभे राहिले. आत येत नाही म्हणाले, बायकांचं दुकान आहे.

मोनाली पस्तिशीची असेल. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. मला पडद्यामागे घेऊन गेली आणि म्हणाली, "दीदी, शाल उतार दीजिए."

मी उभी राहिले. तीही उभी राहिली. बाहेर दोन मुली लेस निवडत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आज रहने दो, फिर आती हूँ," आणि बाहेर पडले.

यांनी विचारलं, "झालं माप?"

"गर्दी होती."

त्या दोन मुली सोडल्या तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे यांना काचेतून दिसत असणार. यांनी स्कूटर सुरू केली. वाटेत उसाच्या रसाला थांबले. मला नको होता. यांनी दोन ग्लास घेतले आणि दोन्ही स्वतःच प्यायले.

१२ मार्च, गुरुवार

नेपियर टाउनला यशश्री मॅडमकडे. त्यांनी वही पाहिली. पंधरा दिवस कपाळच लिहिलेलं. (बाकीचं त्यांनी वाचलं नसावं, मी पान झाकून धरलं होतं.)

"व्यायाम करता कधी?"

मी म्हटलं, "होईल तसा. कुकर लावला की, नाहीतर पोळ्यांच्या आधी."

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी फक्त तुमच्यासाठी दार कधी बंद होतं?"

मुलांना त्रैराशिक शिकवताना मी याहून सोपे प्रश्न विचारते. त्या म्हणाल्या, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, दार लावून. पंधरा मिनिटं हात, उरलेल्या वेळात कोमट तेलानं शिवणीच्या जागेवरून हलकी बोटं फिरवायची. ती जागा मऊ झाली नाही तर हात वर जाणार नाही.

"मी तिथे अजून हात लावलेला नाही," मी म्हटलं.

"मग आजपासून लावा. डोळे मिटून लावलात तरी चालेल."

संध्याकाळी दार लावलं. आत बसून अपराध्यासारखं वाटत होतं. मी बाहेरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणजे कुकर यांनी लावला होता. तेल लावलं, डोळे मिटून. बोटांखाली दोरीसारखं काहीतरी लागलं, थंड. मला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही. काहीच कळत नाही तिथे.

१४ मार्च, शनिवार

आजही दार लावलं. अर्धा तास झाल्यावर आणखी दहा मिनिटं नुसती खिडकीपाशी बसले. समोरच्या छपरावर कोणीतरी पापड वाळत घातले होते. बाकी काही घडलं नाही. पण ती दहा मिनिटं फार छान गेली.

खूण : कपाळाच्या दोन बोटं वर.

१७ मार्च, मंगळवार

हे फॅक्टरीत गेल्यावर एकटीच ऑटो करून सदरला गेले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच एकटी कुठे निघाले. ऑटोवाल्या भैयाला दोनदा सांगितलं, हळू चालव.

मोनालीनं ओळखलं. दुकानाचं काचेचं दार आतून लावून घेतलं आणि पडदा ओढला. मी शाल काढली, मग पदर. नंतर म्हटलं, "एक तरफ़ का ऑपरेशन हुआ है. वहाँ कुछ नहीं है."

ती म्हणाली, "अच्छा." एवढंच. टेप मागून पुढे आणली, डावीकडे एक आकडा वाचला, उजवीकडे दुसरा आणि दोन्ही वहीत लिहिले. तिचे हात थांबले नाहीत. मी छताकडे बघत होते.

"दोनों तरफ़ अलग नापती हो?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"सबका अलग ही नापती हूँ, दीदी. पंद्रह साल हो गए, आज तक किसी के दोनों बराबर नहीं मिले. किसी का कंधा नीचे, किसी का कुछ. आपका फ़र्क़ ज़रा ज़्यादा है, बस."

ज़रा ज़्यादा. मला हसूच आलं. पडद्याआड उघड्या अंगानं उभी राहून मी हसले, तशी तीही हसली.

मग तिनं कामाचं सांगितलं. हुक पुढे. उजवी बाही दीड इंच सैल. गळा वर, नाहीतर वाकल्यावर आत दिसेल. उजवीकडे आतून मलमलचा खिसा, त्यात पॅड बसवता येईल, धुवायला काढता येईल. चार ब्लाउज आणि दोन कुर्ते पुढून उघडणारे, ते घरी घालायला. कापड तिनंच दाखवलं. मी नेहमीप्रमाणे राखाडी आणि मातकट काढले. तिनं ते बाजूला ठेवले आणि आंब्याच्या कोवळ्या पानांसारखा एक हिरवा माझ्या खांद्यावर टाकला. "गर्मी में आँख को भी ठंडा चाहिए."

हिरवा घेतला.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

समिधाचं कुरिअर बंगलोरहून आलं. सिलिकॉनचं पॅड, डब्यात, मांसाच्या रंगाचं. फोनवर म्हणाली, "आई, एकदम रियल वाटतं ते. रिव्ह्यू बघून घेतलंय. तू घाल ना, तुला कॉन्फिडन्स येईल." पोरगी मराठी बोलताना अडखळते, मग इंग्रजी शब्दांना धरून पुढे जाते. मी म्हटलं, घालीन. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाबा रोज फोन करतात मला ऑफिसमधून. तू बोलत नाहीस म्हणाले." यांना बोलायचं असेल तर घरात मी आहे की. मुलीला कशाला त्रास.

गुढीच्या पूजेला साडी नेसले. जुन्याच ब्लाउजची बाही उसवून घेतली होती. आपला पदर डाव्या खांद्यावर जातो, उजवी बाजू अर्धी उघडी राहते. म्हणून इथल्या हिंदी बायकांसारखा सीधा पल्ला घेतला, उजव्या खांद्यावरून पुढे. छान झाकलं गेलं.

हे पूजेला बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे काय? कोणत्या वरातीत चालली?"

मी पदर आणखी पुढे ओढला. यांचा चेहरा लगेच पडला. नंतर श्रीखंडाची वाटी दोनदा भरून आणून दिली.

२८ मार्च, शनिवार

मोनालीचे कपडे मिळाले. अंगात घातल्यावर काही ओढत नाही, काही टोचत नाही. पाच महिने असं वाटलं नव्हतं. हिरवा ब्लाउज घालून स्वयंपाक केला.

तेल लावताना आज डोळे उघडे ठेवले. एक आडवी रेघ आहे. काखेकडे थोडी वर वळते. एवढीच आहे. मी मनात फार मोठी करून ठेवली होती.

१ एप्रिल, बुधवार

शाळा. सिलिकॉनचं पॅड, हिरवा ब्लाउज, पांढरी साडी, डोक्यावर सुती स्कार्फ. स्टाफरूममध्ये सगळ्या बोलता बोलता थांबल्या आणि मग एकदम जास्त बोलायला लागल्या. मुलं बरी. सातवीतल्या तनयनं विचारलं, "मॅडम, आप इतने दिन कहाँ थीं?" मी म्हटलं, बीमार थी. तो म्हणाला, "अच्छा," आणि वही उघडली.

चौथ्या तासाला पंखा बंद पडला. सिलिकॉनच्या मागे घामाची धार. घरी येऊन काढलं तर शिवणीच्या जागेवर लाल घामोळं.

४ एप्रिल, शनिवार

घामोळं वाढलं. यशश्री मॅडम म्हणाल्या, उन्हाळाभर सिलिकॉन नको, सुती काहीतरी वापरा, हवा खेळू द्या. पण सुती पिशवीत नुसता कापूस भरला तर ती फुग्यासारखी हलकी. शेवटी मलमलची गोल पिशवी शिवली, आत कापूस आणि मधे मूठभर मोहरी. खिशात नीट बसली. थंड वाटते. कोणाला सांगितलं नाही.

६ एप्रिल, सोमवार

हे लिहायला नको वाटतंय.

आठवीच्या वर्गात फळ्यावर वरच्या ओळीत समीकरण लिहायला हात उचलला. हात गेला, व्यवस्थित गेला, आणि हातासोबत ब्लाउजची उजवी बाजूही वर सरकली. पॅड गळ्याच्या हाडापाशी. मला कळलं तेव्हा मी वर्गाकडे वळले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी खाली बघायला लागली, मग तिच्या शेजारची. मी पुस्तक छातीशी धरलं, "पान अठ्ठावीस काढा," म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले. तास संपेपर्यंत बाहेर आले नाही.

घरी येऊन यांना सांगितलं, मी नोकरी सोडते. ऐच्छिक निवृत्तीचा अर्ज टाकते. हे चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात धरून म्हणाले, "काहून?"

"झेपत नाही."

"अच्छा," म्हणाले.

बस. वाद घालतील असं वाटलं होतं मला. यांना बरंच वाटलं असेल, बायको घरात राहील, चार लोकांत दिसणार नाही.

७ एप्रिल, मंगळवार

शाळेत गेले नाही. फोडणीला मोहरी नव्हती. यांनी डबा उलटा करून पाहिला. "शुक्रवारी तर भरलेला होता."

मला राहवलं नाही. "माझ्या ब्लाउजमध्ये आहे," म्हटलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

८ एप्रिल, बुधवार

आजचं नीट लिहायला हवं.

हे रजा काढून घरीच होते. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून हाक मारली. टेबलावर आमचा केकचा काटा, समिधानं दिलेला, ग्रॅममध्ये मोजणारा. बाजूला मोहरीची थैली, राजगिरा, एक चमचा आणि यांचा फॅक्टरीतला चष्मा.

"ती पिशवी आण," म्हणाले.

माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. "कशाला?"

"वजन करायचं आहे."

"तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी?"

हे माझ्याकडे न बघता काट्याकडे बघत बोलायला लागले, फॅक्टरीतल्या साहेबाला अहवाल देतात तसे. "उजवी बाजू वर चढते. शनिवारी तू कपडे वाळत घालत होती तेव्हा चढली. रविवारी डबा काढला तेव्हाही. डावीकडे वजन आहे, उजवीकडे नाही, म्हणून कपडा तिकडे ओढला जातो. सिलिकॉनवाल्याच्या वेळी नव्हतं होत. त्याच्या डब्यावर वजन लिहिलेलं आहे, मी पाहिलं. तुझ्या पिशवीत तेवढं नसणार. मोहरी वाढवली तर बसेल. पण एका जागी गोळा नको व्हायला, म्हणून आत शिवून चार कप्पे करावे लागतील. राजगिराही पाहू, तो हलका आहे."

मी उभीच राहिले.

शनिवारी पाहिलं. रविवारी पाहिलं. डब्यावरचं वजनसुद्धा वाचलं. मला वाटत होतं, हे माझ्याकडे बघतच नाहीत.

"तुम्ही बघत होते?" मी विचारलं.

"बघू नाही तर काय करू?" हे म्हणाले. "तू तर सांगत नाही काही."

मी पिशवी आणली. यांनी ती दोन्ही हातांत घेतली, काट्यावर ठेवली आणि आकडा मोठ्यानं वाचला. सिलिकॉनच्या निम्म्याहूनही कमी भरली. मग मी टाके उसवले, हे चमच्यानं मोहरी घालत गेले. एक चमचा जास्त झाला तो परत काढला. मी म्हटलं, "एवढं बारीक कशाला? हा काय तोफेचा पुर्जा आहे?"

"पुर्ज्याला चालतो थोडा फरक," हे म्हणाले. "तुला फळ्यावर लिहायचं आहे."

अर्जाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. चार कप्पे मी शिवले, सुई यांनी ओवून दिली, मला चष्म्यानेही आता दिसत नाही. मोहरीचे दाणे जमिनीवर पसरले होते. हे गुडघ्यावर बसून ते गोळा करायला लागले तेव्हा मला रडू आलं. हे वर पाहून म्हणाले, "दुखून राहिलं काय? हात?" मी नाही अशी मान हलवली. कसं सांगणार.

१२ एप्रिल, रविवार

सदर. यांनी स्कूटर दुकानासमोरच लावली आणि सरळ आत आले. मोनालीनं पिशवी तळहातावर तोलली, दाबून पाहिली आणि विचारलं, "ये किसने बनाया?"

"हमने," हे म्हणाले.

तिनं ब्लाउजला खालून रुंद पट्टी लावून दिली, आता सरकणार नाही. एक नमुना ठेवून घेऊ का, असंही विचारलं. म्हणाली, तीन-चार जणी येतात, खांद्यावर ओढणी घट्ट धरून येतात आणि माप न देताच जातात. मी म्हटलं, ठेव. माझा नंबरही दे त्यांना.

१५ एप्रिल, बुधवार

शाळा. आठवी. तेच समीकरण, पान अठ्ठावीस. सगळ्यात वरच्या ओळीपासून लिहिलं. काही हललं नाही. मागच्या बाकावरच्या मुलीनं उत्तर चुकवलं, मी तिला फळ्यापाशी बोलावून पुन्हा सोडवायला लावलं.

मधल्या सुट्टीत स्कार्फ काढून ठेवला. फार उकडत होतं. केस अर्धा इंच आलेत, पांढरे.

खूण : हात सरळ. आता भिंतच संपते.

२६ एप्रिल, रविवार

कालपासून गरम वाऱ्याची लू सुरू झाली. कूलर हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत भाजून निघते. आज जेवण झाल्यावर म्हटलं, "कूलर आत घेऊ या."

"घेऊ. मग मी बाहेर पंख्यावर झोपतो."

"तुम्हीही आत या."

हे ताटं उचलत होते, थांबले. म्हणाले, "तुझा तो हात माझ्याच बाजूला येतो."

"मग?"

"मग काय. मॅडमनं दवाखान्यातच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्या हातावर दाब नको पडायला. मी झोपेत हात-पाय टाकतो, तूच तर म्हणत होती. पडला एखाद्या वेळी तर?"

मी खाली बसले. "पाच महिने यासाठी बाहेर झोपले तुम्ही?"

"दुसरं कशासाठी झोपीन?"

मला काय वाटलं होतं ते मी यांना सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही.

मी म्हटलं, "मग बाजू बदलू."

लग्नापासून भिंतीकडे मी झोपत आले. आज उशा बदलल्या. कूलर ओढून खिडकीत बसवला, त्यात पाणी भरलं. हे भिंतीकडे सरकले, सुटकेसमध्ये नीट घडी घालून ठेवल्यासारखे आखडून पडले, आणि म्हणाले की आता पाणी प्यायला उठायचं तर तुला ओलांडून जावं लागेल. मी म्हटलं, पाणी मी देईन.

मी कुर्त्यात होते. आत पिशवी नव्हती, घरात मी आता घालत नाही. यांच्याकडे वळले तेव्हा ते यांनी पाहिलं आणि नजर तिथून घाईनं काढली नाही.

थोड्या वेळानं यांनी हात उचलला. बराच वेळ तो हवेतच होता, कुठे ठेवावा ते ठरत नसल्यासारखा. मग माझ्या डाव्या मनगटावर ठेवला, अगदी हलका.

"इथे चालतं काय?"

"चालतं," मी म्हटलं.